गाळपेरीतलं बिऱ्हाड

मला गावात कुणी गोड माणूस म्हणत नाही, आणि त्याचं मला काही वाटत बी नाही. बत्तीस वर्षं भोर डेपोत एसटी हाकली. घाटातली वळणं आणि दारात लोंबकळणारी पोरं, दोघांनी मिळून माझा स्वभाव असा करून ठेवला. बायको साळूबाई होती तवर आमच्या घरात गोड बोलणं व्हायचं, ते तिच्या तोंडून. ती गेल्यावर घरात मी आणि गोठ्यात म्हैस. माझं नाव गेनबा. पण ही गोष्ट माझी नाही, कमळाबाईची आहे. माझी त्यात चूक आहे तेवढीच.

भाटघर धरणाच्या कडेला आमची वाडी. वाडीतलं शेवटचं घर माझं, आणि रस्ता ओलांडला की बौद्धवस्तीतलं पहिलं घर कमळाबाईचं. तिचा नवरा जगन कापूरहोळला गॅरेजात कामाला. मुलगा अभिषेक शिरवळला कंपनीत, तिथंच खोली घेऊन राहतो. बाई पन्नाशीची, अंगानं काटक, बोलायला कमी. पण एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी मागं सरायची नाही.

चारेक वर्षांमागं भातलावणीच्या टोळीतली एक बाई लई आजारी पडली. तिला पुण्याला दवाखान्यात ठेवली, आणि तिची माया नावाची पोरगी कमळाबाईनं घरी आणली. आठ दिवसांसाठी म्हणून आणलेली पोर आठ महिने राहिली. मग आई बरी होऊन न्यायला आली. माया एसटीत बसली तेव्हा कमळाबाई हसून हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली आणि ही बाई रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. दोन दिवस तिच्या घरात चूल पेटली नाही. जगन कापूरहोळवरनं वडापाव आणायचा, ते बी तसेच पडून राहायचे.

"तरी म्या म्हनत व्हतो!" मी दारातूनच म्हटलं. माझं सांत्वन असलंच असतं.

तिसऱ्या दिवशी ही उठली, तोंड धुतलं आणि अंगणवाडीतल्या सारिकाकडं गेली. म्हणाली, "आनखी कुनाचं लेकरू असं अडलंय का गं?"

सारिकानं तिला सगळं समजावलं. ज्या लेकरांना घरचं कुणी सांभाळणारं उरलं नाही, त्यांना सरकार एखाद्या घरात ठेवायला देतं. हे दत्तक नव्हे. सांभाळायचं, शिकवायचं, आणि पुण्यातली समिती सांगेल तेव्हा परत द्यायचं. मधून मधून माणूस येऊन बघून जाणार, लेकरू बरं आहे का नाही. पोलिसाचा दाखला, डॉक्टरचा दाखला, फोटो, सह्या. जगननं गॅरेजातून सुट्ट्या काढून काढून ते सगळं केलं.

मी जगनला रस्त्यात गाठला. "अरे खुळा का काय तू? बायकोचं डोकं फिरलंय, तुजं बी फिरलं? दुसऱ्याचं रोप आपल्या वाफ्यात वाढवायचं आन उपटून देऊन टाकायचं, ह्याला काय अर्थ हाय?"

जगन शांत माणूस. म्हणाला, "आबा, भाताचं आपुन तेच तर करतो की."

ते ऐकून मी आणखी चिडलो.

गेल्याच्या गेल्या वर्षी सोनिया आली. वेल्ह्याकडची, पाच वर्षांची. आई गेलेली, बाप कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आजीला डोळ्यानं दिसत नाही. पोरगी एवढीशी, केस कातरलेले, आणि प्रत्येक गोष्ट विचारून करायची. "पानी पिऊ का?" "बसू का?" "भाईर जाऊ का?" अहो, एकदा शिंक आली तर नाक धरून उभी राहिली, आणि कमळाबाईकडं बघायला लागली. कुठं कुठं आणि कुणाकुणाकडं राहून आली असेल ती, देव जाणे. कमळाबाई तिला म्हणायची, "इचारू नगं गं. घर तुजं हाय. घागर हितं, पेला हितं, घे आन पी." पोरगी मान डोलवायची आणि पुन्हा विचारायची.

असं सहा महिने चाललं. एक दिवस माझी म्हैस दावं तोडून रस्त्यापलीकडं गेली आणि कमळाबाईच्या दारातला झेंडू तिनं फस्त केला. सोनियानं लावलेला. पोरगी म्हशीला हाकलत होती, तर मीच उलटा तिच्यावर ओरडलो, "ए, दगुड मारू नगंस माज्या म्हशीला!" तर ही टिचभर पोर कमरेवर हात ठेवून माझ्यावर खेकसली, "मग बांधून ठिवा की! डोळं न्हाईत का तुमाला?"

मला, गेनबाला, असं कुणी बोललं नव्हतं. मी कमळाबाईकडं बघितलं, म्हटलं आता ही देईल पोरीला एक ठेवून. तर ही बाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि डोळ्यातनं पाणी. त्या संध्याकाळी तिनं शिरा केला आणि एक वाटी मला बी पाठवली. माझा भर रस्त्यात अपमान झाला आणि हिनं शिरा केला! शिरा मी खाल्ला. चांगला झाला होता.

त्या दिवसापासून पोरगी विचारायची थांबली. कमळाबाईला 'कमळाई' म्हणायला लागली. शाळेत जायला लागली, भांडायला लागली, अंगानं भरली. मला येता जाता "आबा, म्हस बांदली का?" म्हणून चिडवायला लागली. खरं सांगायचं तर मला त्याची सवय झाली. रविवारी ती अभिषेककडं शिरवळला गेली की दिवसभर चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं.

आता माझी चूक सांगतो.

उन्हाळा लागला की धरणाचं पाणी खाली खाली जातं आणि गाळाची जमीन उघडी पडते. त्या ओलीवर आमच्याकडची माणसं काकडी, कलिंगड, भुईमूग करतात. त्यालाच गाळपेर म्हणतात. कमळाबाईचा बी तिथं एक तुकडा आहे. पीक उभं राहिलं की रानडुकरं येतात, म्हणून राखणीला खोपट घालून सगळं बिऱ्हाड खालीच राहायला जातं. वरच्या घराला कुलूप. पाऊस पडून पाणी चढायला लागलं की बिऱ्हाड परत वर. माझ्या आज्याच्या काळापासून असंच चालू आहे. वाडीतल्या शेंबड्या पोराला बी माहीत आहे, त्यामुळं ते कुणाला मुद्दाम सांगायला पाहिजे असं कधी कुणाच्या डोक्यातच येत नाही. कमळाबाईनं पुण्याच्या ऑफिसला सगळे कागद दिले, पण हे काही सांगितलं नाही. तिला कुणी विचारलं बी नाही. आणि कागदावर मोबाईल नंबर दिला तो तिचाच, खाली खोलगटात त्याला रेंज नाही.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. मी अंगणात लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. निवडून, देठ काढून, जुन्या लुगड्यावर एकसारख्या पसरलेल्या. तेवढ्यात हेल्मेट घातलेला एक पोरगेला माणूस मोटारसायकलवरनं आला आणि गाडी थेट मिरच्यांवर घातली. टायरखाली चटाचट आवाज.

"डोळं फुटलं का रं?" मी उठलो.

तो बिचारा "सॉरी, सॉरी काका" म्हणत गाडी मागं घेऊ लागला, तर मागच्या चाकानं आणखी मिरच्या चिरडल्या. माझं डोकं असं तापलं! त्यानं समोरच्या घराकडं बोट केलं. "इथं कुणी नसतं का? मागं एकदा दुपारी आलो होतो, तेव्हाही कुलूप. शाळेलाही कुलूप. फोनही लागत नाही."

सकाळची शाळा, दुपारी कुलूपच असणार. पण मी कशाला सांगतोय!

"न्हाईत ती," मी म्हटलं. "गेलीत बिऱ्हाड घिऊन."

"कुठं?"

त्याचं उत्तर मी दिलंच नाही. मी वाकून मिरच्या उचलत होतो. "पाऊस पडल्याबिगर काय परत यायची न्हाईत," एवढं म्हटलं.

"आणि मुलगी? तिलाही घेऊन गेले?"

"मग काय तिला हितं खुंटीला टांगून जातील?"

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि तो गेला. तू कोण, कुठनं आलास, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या गोठ्यामागं जाऊन उभा राहिला असता तर खाली खोपट दिसलं असतं. ते बी मी त्याला सांगितलं नाही. चार मिरच्या चिरडल्या, त्याचा राग.

दहा-बारा दिवसांनी पोस्टमननं जगनच्या नावाचं सरकारी पाकीट माझ्याकडं आणून दिलं. समोर कुलूप, म्हणून. मी ते घेऊन खाली उतरलो. जगन कापूरहोळला गेलेला. कमळाबाई काकडीच्या वेलांना पाणी घालत होती, आणि सोनिया पाण्याच्या कडेला बसून शाळेची कविता मोठमोठ्यानं म्हणत होती.

"वाचा आबा, म्या ओल्या हातानं कुठं धरू," कमळाबाई म्हणाली.

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. दोन वेळा भेट दिली असता घर बंद आढळले. कुटुंब बालिकेसह अन्यत्र स्थलांतरित झाल्याचे... आणि तिथं मी अडखळलो. पुढं लिहिलं होतं, 'शेजाऱ्यांकडून समजते.'

ते दोन शब्द मी गाळले. खरं सांगतो, गाळले. पुढचं वाचलं. समितीला न कळवता बालिकेस नेल्यामुळे तिला सोमवारी समितीसमोर हजर करावे. तिला संस्थेत ठेवण्याबाबत निर्णय घेण्यात येईल.

त्या दिवशी शुक्रवार होता.

कमळाबाईच्या हातातली कळशी कलंडली आणि पाणी वाफ्याबाहेर गेलं. ती आधी सोनियाकडं बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आबा, आमी तर हितंच हाय. मंग आमी गेलो म्हनून त्यांना सांगितलं कुनी?"

खोटं बोलायला जागा होती. वाडीत पन्नास माणसं आहेत, कुणाच्याबी नावावर खपलं असतं. पण ती ओल्या हातानं माझ्यासमोर उभी होती आणि मला काही ते जमलं नाही.

"म्या," मी म्हटलं. आणि मिरच्यांचं सगळं सांगितलं.

"आबा!" ती म्हणाली. "चार मिरच्यांपायी माजी पोर जाती की वो!"

मग तिनं पाठ फिरवली आणि खाली बसून गवत उपटायला लागली. गवताबरोबर चांगले वेल बी उपटत होती, तिला दिसतच नव्हतं. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बत्तीस वर्षांत माझ्या गाडीला एक अपघात नाही, आणि म्हातारपणी अंगणात बसल्या बसल्या मी हा करून ठेवला.

शनिवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी मी जाऊन उभा राहिलो. गुरुजींना म्हटलं, सोनियाची हजेरी लिहून द्या, शिक्का मारून. मार्च महिन्यात एक बी गैरहजेरी नव्हती. खोपटातून रोज चढ चढून यायची पोर. सारिकानं अंगणवाडीच्या वजनकाट्यावर तिचं वजन करून तो कागद दिला. जगननं मोबाईलवर खोपटाचे, शेताचे, आणि कंदिलाजवळ मांडलेल्या दप्तराचे फोटो काढले. कमळाबाई माझ्याशी बोलत नव्हती, पण कागद माझ्या हातातून घेत होती. मला तेवढं बी पुष्कळ होतं.

सोमवारी पहिल्या गाडीनं आम्ही स्वारगेटला गेलो. सोनियाला वाटलं सहलच आहे. खिडकीतनं बोट दाखवून ती कापूरहोळपासनं गावांच्या पाट्या वाचत होती, नुकतीच वाचायला शिकलेली. कमळाबाई प्रत्येक पाटीला "व्हय गं" म्हणत होती. पोरीची कपड्याची पिशवी तिनं बरोबर घेतली होती. आत दोन फ्रॉक, कंपास, आणि चादर. पोर तिथंच ठेवून घेतली तर अंगावर तिची स्वतःची चादर असावी, म्हणून. ते बघून मी वाटभर मान वर केली नाही.

समितीच्या खोलीत टेबलामागं तीन-चार माणसं बसली होती. मधे चष्मा लावलेल्या अध्यक्षबाई. बाजूला तो मोटारसायकलवाला, संजय त्याचं नाव. बाईंनी विचारलं, "घर सोडून कुठं गेला होतात? कळवलं का नाही?"

कमळाबाईनं जगनकडं बघितलं. जगन "म्याडम, ते गाळ... ते धरणाचं..." करत राहिला. मी मागच्या बाकावर होतो. उठलो.

"बाई, चूक माजी हाय."

मग सगळं सांगितलं. गाळपेर म्हणजे काय, खोपट कुठं आहे, मिरच्या, माझा राग, काही लपवलं नाही. कोपऱ्यातला कारकून हसला. बाई हसल्या नाहीत.

"आजोबा, तुमच्या रागापायी ही मुलगी आज घर सोडून गेली असती. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. माफी मागतो. ह्यांची बी मागतो, तुमच्या म्होरं." आणि मी कमळाबाईकडं वळून हात जोडले. असे हात मी आयुष्यात फार थोड्यांपुढं जोडलेत. तिनं माझे हात धरून खाली केले.

बाईंनी हजेरी बघितली, वजन बघितलं, फोटो बघितले. मग सोनियाला एका ताईबरोबर आतल्या खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं. एकट्या पोरीशी बोलायचं असतं त्यांना. ती पंधरा मिनिटं! कमळाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. जगन नुसता दाराकडं बघत होता. थोड्या वेळानं आतनं सोनियाचा आवाज यायला लागला, आणि थांबेचना. कलिंगड पिकलंय का नाही ते टिचकी मारून कसं ओळखायचं, हे ती त्या ताईला शिकवत होती. "आसं न्हाई हो, आसं मारायचं!" मग ताईंचं हसू ऐकू आलं.

दार उघडलं. ताईंनी बाईंकडं बघून मान हलवली, आणि बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुलगी तुमच्याकडेच राहील," त्या म्हणाल्या.

जगननं तोंड भिंतीकडं केलं आणि मोठ्यानं रडायला लागला. एवढा बाप्या माणूस! सोनिया घाबरून कमळाबाईला विचारायला लागली, "काका का रडत्यात?" कमळाबाईनं तिला जवळ ओढली, म्हणाली, "काय न्हाई गं, काय न्हाई, बरं वाटलं म्हनून." मी बाकावर बसलो. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात, तो मला त्या दिवशी खरंच उतरताना कळला. संजय जवळ आला, म्हणाला, "काका, मी खाली उतरून बघायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "बाबा, तुजं काय न्हाई. तू ऐकलं ते लिवलंस. पुढच्या टायमाला ये, म्या सोता खाली घिऊन जातो."

"मुदत वर्षभराची आहे," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

मला राहवलं नाही. "आवो, म्हंजे दर वर्साला ह्या बाईचा जीव असा टांगनीला?"

जगननं माझा सदरा ओढला. पण कमळाबाईच बोलली. "आसू द्या आबा. वरीस मिळालं. वरीस लई असतंय." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडं बघून हसली.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं कधी आजारी पडलात, अडकलात, तर मुलीकडं बघणारं जवळचं माणूस लागतं. कुणाचं नाव लिहू?"

जगन म्हणाला, मुलगा आहे, पण शिरवळला. बाई म्हणाल्या, जवळ राहणारं पाहिजे. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"हे हायेत की," कमळाबाई म्हणाली. "गेनबाआबा."

मी दचकलोच. "मी? कमळा, अगं म्याच तर सगळा घोळ..."

"म्हनून तर. आता तुमच्याएवढं तिला जपनारं दुसरं कोन गावंल?"

बाईंनी कागद माझ्याकडं सरकवला. "आजोबा, समजून सही करा. ह्या दोघांना काही झालं तर मुलीची जबाबदारी तुमची."

मी पेन हातात घेतलं. "पोरीचं समजलं. पन ह्या दोघांना काय व्हऊ द्यायचं न्हाई, ही जबाबदारी कुठं लिवायची?"

बाईंनी कागद एकदा वरनं खालपर्यंत बघितला. "त्याला रकाना नाही, आजोबा," त्या म्हणाल्या.

सहीच्या वर दोन बोटं मोकळी जागा होती. मी ते तिथं लिहिलं, आणि खाली सही केली.